अंगठ्याचं दुखणं तोंडात

तेरा माणसांच्या आमच्या घरात आईला, म्हणजे आमच्यात म्हणतात तसं आव्वाला, मशेरीशिवाय दिवस उजाडायचा नाही. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांवर घासायची. थुंकताना रक्त पडायचं. शिरोळच्या आमच्या गल्लीत सगळ्याच बायकांचं पडायचं, आणि रक्त येतंय म्हणजे घाण निघतीय यावर सगळ्यांचं एकमत होतं. हिरडी ठणकली की मशेरी जास्त, कारण ती लावली की बधिर व्हायचं. असलं डोकं दुसरीकडं कुठं मिळायचं नाही.

सन दोन हजारच्या आसपास तिच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. एवढीशी जखम, पण तीन महिने भरेना. शुगर होतीच. गोळ्या चालू, चहातली साखर बंद, वाडीच्या देवळातला प्रसादाचा पेढासुद्धा नुसता हुंगून ती आम्हाला द्यायची, तरी शुगर हटून बसलेली. वय बावन्न आणि बघणारा म्हणायचा पासष्ट. मी तेव्हा शहरात, राजारामपुरीत, एका क्लासमध्ये शिकवायची. तिथल्याच एका डॉक्टरांकडं तिला ओढत नेलं. त्यांनी सरळ सांगितलं, महिन्याभरात फरक पडला नाही तर अंगठा काढावा लागेल.

मग त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं. आव्वा भडकली. दुखतंय कुठं आणि हा बाबा बघतोय कुठं, असं तिनं मला त्यांच्यासमोरच विचारलं. आत हिरड्या लालभडक, सुजलेल्या, दाबलं की पू. डॉक्टर म्हणाले, जखम झाली की अंग तिथं सूज आणतं, काम झालं की ती ओसरते. मावशींच्या तोंडात वीस वर्षं ती ओसरलीच नाही. रोज उठून त्याच जागी भांडण, आणि ते तोंडापुरतं राहत नाही. रक्तातून अंगभर फिरतं, शुगर औषधाला जुमानत नाही, रक्तवाहिन्या खराब होतात, माणूस वयाआधी म्हातारं होतं. नुसत्या तोंडाच्या इलाजानं अंगठा वाचेल असं नाही, पण हे थांबवायलाच हवं.

"मशेरी बंद," ते म्हणाले.

"मग अंगठाच काढा की," आव्वा म्हणाली. "न्हाईतरी त्याचा काय उपेग हाय?"

मी तिला हाताला धरून एसटी स्टँडवर आणलं. राग होता, आणि त्याहून जास्त भीती. घरी येऊन मशेरीचा डबा उकिरड्यावर फेकला. आठवडाभर तिनं माझा उद्धार केला. दातांच्या डॉक्टरांनी तीन दात काढले, हिरड्या खरवडून साफ केल्या. पायाच्या पट्ट्या, गोळ्या चालूच होत्या. शुगर हळूहळू उतरली. महिन्यानं जखम आकसायला लागली, आणखी महिन्यानं भरली. देवाधर्माचं मला वावडं, तरी मी जाऊन नारळ फोडला.

त्यानंतर एका पहाटे बघते तर बाई उंबऱ्यात बसलेली, बोट तोंडात. माझं टाळकंच सटकलं. तुझा पाय वाचवताना आमचा जीव निघाला आणि तुला परत तेच हवंय, असं मी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. तिनं बोट बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. स्वच्छ होतं. दातांवर काळं नाही, काही नाही.

"नुसतंच धरलंय," ती हळूच म्हणाली, आत झोपलेल्या अकरा माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तोंडात बोट असलं की कोण काम सांगत न्हाई गं."