लाल साडीच्या पडद्याआडचा गेम

स्वतः न खेळलेल्या गेमचा गाजावाजा करण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे, आणि तोही साधासुधा नाही. लालबागला आमच्या दुकानात आलेल्या व्हिडिओ गेमच्या मशीनला मी आठ दिवस पडदा लावून ठेवला होता. पडदा म्हणजे माझी लग्नातली लाल साडी. आमच्याकडे गणपतीच्या मोठ्या मूर्तीचा चेहरा मुखदर्शनाच्या दिवसापर्यंत झाकून ठेवतात ना, अगदी तसा. बाहेर पाटीवर रोज खडूनं लिहायचे: सात दिवस उरले, सहा दिवस उरले. आत काय आहे असं कुणी विचारलं की मी नुसते डोळे मोठे करायचे. तोंडातून अक्षर काढायचे नाही. कारण आत काय आहे ते मलाही धड ठाऊक नव्हतं.

हल्ली माझी नात मोबाईलवर मला दाखवते, "आजी, हा गेम पुढच्या वर्षी येणार, आत्ता फक्त ट्रेलर आलाय," आणि खाली दिवस उलटे मोजत असतात. सगळं जग म्हणे त्याची वाट बघतंय. मी गालात हसते. एवढा खर्च करून जे करताहेत ते मी एका साडीत केलं होतं, आणि तोंडावरही तितक्याच जोरात आपटले होते.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. संप मिटला असं आम्हाला कुणी कधी येऊन सांगितलं नाही, पण गिरणीही उघडली नाही. आमच्या ह्यांच्याकडे साचेखात्यात चार साचे, म्हणजे कापड विणायचे माग, होते. चाळीच्या तळमजल्यावर सासूबाई खानावळ चालवायच्या. जेवायला सगळे कोकणातले गिरणी कामगार. ते एकेक करून गावी गेले, मग सासूबाईही गेल्या, आणि उरली चार बाकं, एक मोरी आणि भिंतीत मुरलेला बांगड्याच्या कालवणाचा वास. गावाहून थोरल्या दिरांचं दर महिन्याला पत्र यायचं. आंबा-काजूकडे बघायला माणूस नाही, मुंबईत काय राहिलंय आता, दोघं निघून या. हे ते पत्र वाचून घडी करून ठेवायचे आणि म्हणायचे, "दिवाळीपर्यंत बघू."

ह्या "बघू"ची मला धडकी भरायची. मी ठाकूरद्वारला वाढलेली. गावी विहिरीतून पाणी शेंदायचं आणि संध्याकाळी सातला जेवून निजायचं, हे मला जमणारं नव्हतं. म्हणून खानावळीच्या जागेत व्हिडिओ गेमचं दुकान टाकायचं ह्यांनी ठरवलं तेव्हा मी मनाशी ठाण मांडलं. हे दुकान चाललंच पाहिजे. दिवाळीपर्यंत नाही चाललं, तर चंबूगबाळं आवरून गाव.

मशीनं भाड्यानं देणारा एक व्यापारी ग्रँट रोडला होता. त्यानं दोन द्यायचं कबूल केलं. एक ह्यांनी निवडायचं, एक मी. हे सकाळी गेले ते दिवेलागणीला परतले. दिवसभर उभं राहून एकेक गेम खेळून बघत होते म्हणे! आणि एवढं करून आणलं काय, तर तपकिरी रंगाचं एक खोकं. ना चित्र, ना दिवे. वर चिनी की जपानी अक्षरं, ती कुणाला वाचता येणार? पडद्यावर चार गच्च्या, प्रत्येक गच्चीवर झाडं, आणि एक बुटका माळी. झाडं सुकायला लागली की त्यानं शिड्या चढत-उतरत पाणी घालायचं. बस्स.

"अहो," मी म्हटलं, "गावी झाडांना पाणी घालायला जायचं नाही म्हणून आपण दुकान काढलं ना? मग इथेही तेच?"

"खेळून तर बघ."

"मला कामं आहेत."

"चार साचे सांभाळल्यासारखं आहे गं. एकीकडे धागा जोडतोय तोवर दुसरीकडे तुटतो. डोकं शांत ठेवलं तरच जमतं."

हे बोलताना त्यांचा चेहरा किती वर्षांनी तसा झाला होता, ते आज दिसतं. तेव्हा मला तपकिरी खोकं दिसत होतं. मी ते ढकलत मोरीजवळच्या कोपऱ्यात नेलं, भिंतीकडे तोंड करून. खेळणाऱ्याला अंग चोरून उभं राहावं लागेल असं.

पंधरवडाभर माळ्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. आणि ह्यांचं म्हणणं काय, तर "चांगली वस्तू आहे, लोकांना आपोआप कळेल." कसं कळणार आपोआप? कोपऱ्यातल्या मशीनला काय पाय फुटणार होते? तेवढ्या बाबतीत माझं त्यांच्याशी आजही भांडण आहे.

माझं मशीन मी पाच मिनिटांत निवडलं. दोन्ही बाजूंना हे भलंथोरलं रंगीत चित्र: उघड्या छातीचा वीर, हातात जळती तलवार, मागे तोंडातून आग ओकणारं जनावर. व्यापारी म्हणाला, "भाभी, इसके लिए लाइन लगती है." मी म्हटलं, द्या. चालू करून बघू का, एवढं विचारायचंही सुचलं नाही. वरच्या रंगाला भुलून मी भाजीसुद्धा घेत नाही, मशीन मात्र घेतलं.

ते नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी आलं. दसऱ्याला उघडायचं म्हणून मी त्यावर साडी टाकली आणि कामाला लागले. नळावर बायकांना म्हटलं, ठाकूरद्वारची माणसं बघायला येऊन गेली. दळणाच्या रांगेत म्हटलं, दादरच्या दुकानदारानं मागितलं होतं, पण आम्हाला मिळालं. चौथ्या दिवशी शेजारीण धावत आली. "ऐकलंस का? अँटॉप हिलच्या कॉलनीतला एक पोरगा हाच गेम खेळता खेळता चक्कर येऊन पडला! एवढा भारी आहे म्हणे." मी घरात जाऊन ह्यांना सांगितलं, "बघा, अँटॉप हिलपर्यंत नाव झालंय!" हे शांतपणे म्हणाले, "मशीन अजून पडद्यात आहे. तो पोरगा खेळला कुठे?" तरी मला ते खरंच वाटत होतं. माझीच थाप गावभर फिरून जाडजूड होऊन परत आली होती, आणि मी तिला ओळखलं नाही.

दसऱ्याला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी नऊवारी नेसून नारळ फोडला, मशीनला झेंडूचं तोरण, हळदकुंकू, सगळं. साडी ओढली तेव्हा टाळ्या पडल्या. रांग पार मसाला कुटायच्या डंखापर्यंत गेली. मी ह्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही गिरणी मीच उघडली.

दोन दिवस रांग होती. तिसऱ्या दिवशी बोलणी सुरू झाली. वीर तलवार फिरवायचा, जनावर मरायचं, मग दुसरं जनावर यायचं, ते पहिलंच, फक्त रंग हिरवा. मग पुन्हा पहिलं. दांडा डावीकडे केला तर वीर कधी डावीकडे जायचा, कधी नुसता उभा राहून मार खायचा.

"काकी, हे तर परत तेच आलं!"

"खेळत राहा रे, पुढे आहे गंमत," मी ठोकून दिलं.

"पुढे म्हणजे कुठे? दिवाळीला?"

पाचव्या दिवशी रस्त्यावरून जाता जाता कुणीतरी ओरडलं, "काकी, पडदा परत लावा! पडद्यात बरा होता!" सगळी गल्ली हसली. ते हसणं मी सोसलं असतं. पण लोक माळ्याकडेही वळेनात. ह्या दुकानात काही दम नाही, असं एकदा ठरलं, की ठरलं. माझ्या वीरानं स्वतःबरोबर कोपऱ्यातल्या बिचाऱ्या माळ्यालाही बुडवलं. दिवाळी दोन आठवड्यांवर आलेली. दिरांचं नवं पत्र आलं. त्यात घराची मागची खोली झाडून ठेवलीय असं लिहिलं होतं.

आता मावशीबद्दल सांगते. गल्लीच्या तोंडाशी एक कोळीण बसायची, सासूबाईंच्या काळापासून खानावळीला मासे तिचेच. तिचा आवाज म्हणजे परळच्या पुलापर्यंत जावा असा. पण मी वर्षानुवर्षं एक गोष्ट बघून न बघितल्यासारखी केली होती. ती रोज ओरडायची नाही. सुरमई ताजी असली की आवाज चढायचा. माल शिळा असला की गप्प बसायची, आणि कुणी माशांच्या पाटीला हात घातलाच तर म्हणायची, "आज नको नेऊ गो. उद्या ये." म्हणून तिचा आवाज ऐकू आला की बायका हातातलं काम टाकून पिशवी घेऊन धावायच्या. अशी बाई रोज माझ्या डोळ्यांसमोर बसत होती, आणि मी शिकायला गेले ग्रँट रोडच्या व्यापाऱ्याकडे!

एका दुपारी माल संपवून ती पाणी प्यायला आत आली. दुकानात फक्त हे, एकटे माळ्यापुढे. ती मागे उभी राहिली. बराच वेळ राहिली.

"ते तिसऱ्या गच्चीवरचं सुकतंय रे भाऊ," ती म्हणाली.

"दिसतंय, मावशी. आधी खालचं."

"खालचं दम धरील. वरचं चाललं बघ. अरे गेलं! सरक. मना दे जरा."

हे बाजूला झाले. पहिल्या दिवशी तिची सगळी झाडं सुकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. चौथ्या दिवसापर्यंत तिला हात सापडला, आणि तोंडही सुटलं. त्या मशीनसमोर उभी राहून ती झाडांशी बोलायची, बाजारात बोलतात तसंच. "थांब गो बाय, आले! मान टाकू नको! तुजी आय येतंय पानी घेऊन!" डोक्यावरची वेणी हलतेय, हातातला चुडा वाजतोय, आणि आवाज गल्लीभर.

लोकांना वाटलं, ताजी सुरमई आली. पिशव्या घेऊन बायका दारात! बघतात तर मावशी एका तपकिरी खोक्याला शिव्या घालतेय. हसल्या, थांबल्या, बघायला लागल्या. त्यांच्या मागून पोरं आली. "मावशी, वरचं वरचं!" "गप रे, मना कलतंय!" तिचा डाव संपला तशी तिच्या मागे तिघं उभे होते. संध्याकाळपर्यंत दहाजण. दांडा हातात आलेला माणूस सोडायला तयार नाही आणि मागचे सल्ले देताहेत. ह्यांनी मशीन कोपऱ्यातून काढून मधोमध आणलं. मीही दुसऱ्या बाजूनं हात लावला. त्याचं तोंड भिंतीकडे कुणी केलं होतं, ह्याची चर्चा दोघांनीही टाळली.

पण मी सुधारले असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी मी खडू घेतला आणि पाटीवर लिहायला बसले: मुंबईतला एक नंबर गेम, अँटॉप हिलपासून गिरगावपर्यंत… मावशी मागून आली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवतंस?"

मी वाचून दाखवलं.

"तू खेललीस?"

"नाही."

"एकदा पन नाय?"

"वेळच मिळाला नाही, मावशी."

तिनं माझ्या हातातला खडू काढून घेतला, दंडाला धरून मला मशीनसमोर उभं केलं आणि रांगेतल्या पोरांना दरडावलं, "कोन बोलायचा नाय." माझी झाडं मिनिटभरात सुकली. पोरं खिदळली. पुन्हा खेळले. मग पुन्हा. एकीकडे जाते तोवर दुसरीकडे पानं माना टाकताहेत, खालचं वाचवावं की वरचं, जीव नुसता कासावीस, आणि तिसऱ्या खेपेला चारही गच्च्या हिरव्यागार झाल्या तेव्हा मी त्या भर दुकानात चक्क उडी मारली. चूल पेटती होती, भात करपला, मला वासही आला नाही. मागे वळले तर हे भिंतीला टेकून उभे. साच्यांमधून पाळीभर असं फिरायचं म्हणजे काय, ते मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी, एका खोक्यासमोर कळलं.

पाटी पुसली. नवं काहीच लिहिलं नाही. जो येईल त्याला मी मावशीचा, नाहीतर ह्यांचा डाव बघायला उभं करायचे. आणि कुणी वीराबद्दल विचारलंच तर सांगायचे, "तो नका खेळू. बेकार आहे." गंमत म्हणजे हे सांगायला लागल्यापासून माणसं माझं ऐकायला लागली.

नातीला मी म्हणते, तुमच्याकडे ढिगानं गेम येतात. त्यातले किती माळी कुठल्या मोऱ्यांशेजारी भिंतीकडे तोंड करून उभे असतील, कुणाला पत्ता? सगळ्यांच्या नशिबात मावशी नसते. आमचीही फक्त योगायोगानं, तहान लागली म्हणून आत आली होती. हे मनात येत राहतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही वीर परत केला, तो न्यायला व्यापारी आला. वीराला टेम्पोत चढवताना तो ह्यांना म्हणत होता, हा तपकिरी तर कुणीच घेत नव्हतं, फुकट पडून होता. हे मान डोलावत राहिले. त्या दिवशी दुपारी दिरांचं पत्र पुन्हा आलं. कधी निघताय, कोणत्या गाडीनं, स्टँडवर माणूस पाठवतो. मी पोस्टकार्ड आणि पेन घेऊन बाकावर बसले. लिहायचं काम माझंच असायचं. दुकान चालतंय हे दिसत होतं, पण भावाचा शब्द मोडणं ह्यांना जड जाईल, हेही कळत होतं. हे रांगेत होते, स्वतःच्याच दुकानात, मावशीच्या मागे दुसरा नंबर.

"अहो, काय लिहू?" मी विचारलं.

त्यांनी मशीनवरची नजर काढली नाही. म्हणाले, "लिही, येणं जमत नाही. कारण विचारलंच तर सांग, इकडची झाडं सुकतील."