एक नोंद अलीकडे

डोंगरकड्याच्या पुनमचा मोबाइलवर आलेला मजकूर विश्वंभरने दोनदा वाचला. ‘लिंक उघडली काका. तात्यांचं उत्तर भेटलं. सकाळपासून बेणं बुडवून राहिलो. लई आभार.’ खाली हात जोडल्याची तीन चित्रं. सहज म्हणून त्याने ती लिंक दाबली आणि समोर उघडलं : ‘हळद बेणे प्रक्रिया : अर्धा लिटर औषध, वीस लिटर पाणी.’

दोनशे लिटर पाहिजे होतं.

कळमनुरीत विश्वंभरचं झेरॉक्सचं दुकान आहे. पंधरा वर्षांपासून तो ‘हळद चावडी’ ही शेतकऱ्यांच्या चर्चेची वेबसाइट फुकट सांभाळतो. बोलणारे केव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर गेले, पण लागवड जवळ आली की जुनी उत्तरं शोधत लोक इथेच येतात. गेल्या वर्षी साइट दुसरीकडे हलवली, पत्ते बदलले आणि आतल्या अकराशे लिंका मेल्या. कुठलीही दाबा, पान सापडत नव्हतं.

त्यातल्या दोनशे चौदा लिंका एकाच उत्तराकडे जात होत्या. डोंगरकड्याचे उत्तमराव म्हणजे चावडीवरचे तात्या. त्यांनी एकदा प्रमाण लिहिलं, की त्यावर स्वतःचं प्रमाण लिहायला कोणी धजत नसे. नव्याने कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असे : तात्यांचं बघा. आणि खाली लिंक.

विश्वंभरने ताज्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. नव्या साइटवर प्रत्येकीचा क्रमांक एकाने कमी झाला होता. त्याने सगळ्याच लिंकांमधून एक वजा केला, दहा उघडून पाहिल्या आणि काल जाहीर केलं, सगळं दुरुस्त झालं. त्या दहात तात्यांची एकही नव्हती. तात्यांचं काय तपासायचं?

आता त्याला उमगलं. मधे कधीतरी त्यानेच जाहिरातीची एक नोंद पुसली होती. जुन्या साइटवर तिची जागा रिकामी राहिली, नव्या साइटने ती भरून काढली. म्हणून त्यानंतरच्या नोंदी एक घर सरकल्या. तात्यांची नोंद त्या जाहिरातीच्या आधीची. ती जागची हललीच नव्हती. तिच्यातून एक वजा केल्यावर लिंक पोचली तिच्या एक घर अलीकडच्या, म्हणजे आधीच्या नोंदीवर. तीही तात्यांचीच, पण चुकलेली. दोन दिवसांनी तात्यांनी पुढच्याच नोंदीत लिहिलं होतं, ‘वीस नव्हे, दोनशे,’ आणि सगळ्या लिंका मुळात त्या नोंदीच्या होत्या. ती दुरुस्ती मोबाइलवर ‘पुढे’ दाबल्याशिवाय दिसत नव्हती.

पुनमचा नंबर बंद होता. त्याने तात्यांचा नंबर लावला.

“तात्या, तुमच्या गावातली पुनम माहीत हाय का? शिवशंकरची बायको?”

“व्हय. काहून?”

“तिला थांबवा. वीस लिटरात बुडवून राहिली ती.”

“वीस? कोण्या शहाण्यानं सांगितलं?”

“तुमीच, तात्या. ती जुनी नोंद. माझ्याकडून लिंक तिथं लागली.”



“ती अजून जिती हाय?” तात्या म्हणाले. “मला वाटलं, तू पुसली आसन.”

“तुमचं लिहिलेलं मी कसं पुसू?”

“लेका, बायकोनं चुकून मीठ जास्त टाकलं तर गुमान गिळतो का? मग माझंच काहून गिळलं?” मग मागे कोणाला तरी ओरडले, “अरे, गाडी काढ! बराबर शिवशंकरच्या मळ्यात!”

विश्वंभरने गिऱ्हाइकांना हातानेच परत पाठवलं आणि लिंका उघडत बसला. तिसरी चुकीची. पाचवी चुकीची. आठवी भलत्याच पानावर, जनावरांच्या औषधाची. अकराव्या लिंकेनंतर त्याने माऊसवरून हात काढून घेतला आणि सगळी साइटच बंद केली.

चाळीस मिनिटांनी फोन आला.

“अकरा पोती होती,” तात्या म्हणाले. “नऊ बुडवून झाली. धुवून घेऊन राहिलो, पण बेण्याचे डोळे भाजलेत. मी हातात घेऊन पाह्यले. कोंब फुटायचा भरवसा न्हाई.”

“नऊ?”

“नऊ.”

विश्वंभरला बसायचं होतं, पण तो बसलेलाच होता.

“आता आयक. तकलीफ तुला एकट्याला न्हाई. लिहिलं मी होतं. माझ्या घरी बेणं हाय, चार पोती निघतेन. बाकीचं तू पाह्य. घे, तिच्याशी बोल.”

फोन हातातून हातात गेला. पाठीमागे पाण्याची मोटर चालू होती.

“पुनम, माझी चूक...”

“काका, ते राहू द्या. परवा लागवड हाय. राहिलेलं बेणं कोनाकडं भेटन, ते सांगा. आन् लिंक पाठवू नका. तोंडानं सांगा.”

विश्वंभरने कागद ओढला आणि बेणं ठेवणाऱ्यांची नावं सांगायला सुरुवात केली. प्रत्येक नावापुढे पुनम विचारत होती, “तुमी सोता पाह्यलंय का?” आणि दोन नावांपुढे त्याला नाही म्हणावं लागलं.