हवालदाराला पाजलेला डोस

मी बाल न्याय मंडळावर सदस्य झाले तेव्हा नवा कायदा येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि तो आम्हा सगळ्यांना नव्या चपलेसारखा चावत होता. मुलाला आरोपी म्हणायचं नाही. पिंजरा नाही, काळा डगला नाही, बेड्या तर नाहीतच. न्यायाधीशबाई आणि आम्ही दोन सदस्य साध्या टेबलाशी बसणार, आणि पोलिसांनी वर्दी न घालता मुलाला घेऊन यायचं. उल्हासनगरातल्या एका खोलीत हे सगळं चालायचं. बदलापूरच्या शाळेत जन्म घालवून मी तिथे गेले होते, त्यामुळे मुलांना सोडा, त्यांच्या बापांना कसं सरळ करायचं हे आपल्याला चांगलं कळतं, असा माझा ठाम समज होता.

त्या दुपारी दुसरे सदस्य आले नव्हते आणि न्यायाधीशबाई आतल्या खोलीत फोनवर होत्या. बाहेरच्या बाकावर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा बसला होता, आणि शेजारी चकचकीत जांभळा शर्ट घातलेला, पोट सुटलेला एक माणूस. दोघं एकाच कागदातून वडापाव खात होते. माणसाने मिरची स्वतःकडे घेतली आणि मोठा तुकडा मुलाकडे सरकवला. हा बापच, यात मला तिळमात्र शंका आली नाही.

प्रकरण मी वाचलं होतं. मुलगा अंबरनाथ पश्चिमेला मामाकडे राहायचा. त्याच दिवशी पहाटे त्याने उल्हासनगरातल्याच कॅम्प चार वस्तीतल्या एका गॅरेजसमोरची स्कूटर उचलली, वांगणीपर्यंत जाऊन आला, आणि ती परत जागेवर लावून धूत असताना पकडला गेला. तक्रार गॅरेजवाल्याचीच होती, पण धुऊन लखलखीत झालेली गाडी बघून तोही जरा पाघळला होता. आता घरचं कोणी न्यायला आलं तर मुलाला आजच जामीन मिळणार होता, नाहीतर आजच त्याची रवानगी निरीक्षणगृहात होणार होती. मामाने येणार नाही म्हणून साफ कळवलं होतं. त्यामुळे बापाला बघून मला असा काही आनंद झाला की बाईंची वाटही न बघता मी दोघांना आत बोलावलं आणि सुरू झाले.

घरी किती वाजता जाता, मी विचारलं. कधी अकरा, कधी बारा, तो म्हणाला. पोराशी शेवटचं नीट कधी बोललात? तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, गणपतीत. मारता का? कधी कधी, असं तो जमिनीकडे बघत पुटपुटला. मग मी काही हातचं राखलं नाही. पोर जन्माला घातलं म्हणजे कुणी बाप होत नाही, इथपासून सुरुवात करून त्याला असा डोस पाजला की त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला. मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. यापुढे पोराकडे लक्ष द्याल ना, असं मी शेवटी विचारलं, तेव्हा तो माणूस गदगदून म्हणाला, "देतो मॅडम. शब्द देतो."

तेवढ्यात न्यायाधीशबाई आल्या आणि घरचं कोणी आलं का म्हणून विचारू लागल्या. वडील आलेत, मी ऐटीत सांगितलं. वडिलांनी टाचा जुळवल्या आणि जांभळ्या शर्टात बाईंना कडक सॅल्यूट ठोकला.

"अहो, हे हवालदार आहेत," बाई म्हणाल्या.

मग बोलला का नाहीस बाबा, असं मी कपाळाला हात लावून विचारलं. नुकतंच त्यांचं प्रशिक्षण झालं होतं, आणि पोलिसांनी मुलांशी पालकासारखं वागावं असं तिथे बजावलं होतं. त्याला वाटलं, मॅडम त्याचीच परीक्षा घेताहेत. त्याचा स्वतःचा मुलगा दहावीत होता आणि सगळी उत्तरं त्याच्याबद्दलची, अगदी खरी होती. बाईंनी आधी ओठ चावला, मग सरळ टेबलावर डोकं टेकलं. मी पदराने डोळे पुसत होते. हवालदाराचं पोट गदगदत होतं. हसू थांबलं की कुणीतरी सॅल्यूटची आठवण काढायचं आणि पुन्हा सुरू.

मुलगा तेवढा हसत नव्हता.

"चाललं असतं की मला," तो म्हणाला. "हेच चालले असते."

आमचं हसू तिथल्या तिथे विरलं. बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि हळूहळू विचारत गेल्या. वडील नव्हतेच. आई वांगणीजवळच्या एका फार्महाऊसवर राहून काम करायची, आणि तिला भेटून कितीतरी महिने झाले होते. स्कूटर तिकडेच गेली होती. पण फाटकाशी मालकाची गाडी दिसली. कामवालीकडे कुणी आलेलं मालकाला खपत नाही, म्हणून पठ्ठ्या तसाच परत फिरला. आईचं काम जाईल या भीतीने त्याने सकाळपासून पोलिसांना तिचा पत्ताही सांगितला नव्हता. आता त्याने तो सांगितला, आणि हवालदार कुणी सांगायच्या आत मोटारसायकलची किल्ली घेऊन निघाला.

आम्ही वाट बघत बसलो. माझ्याकडे बघितलं की बाईंना मधूनच पुन्हा हसू फुटायचं आणि घड्याळाकडे बघितलं की थांबायचं. इतर प्रकरणं संपली. शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या. शेवटी बाईंनी नाइलाजाने निरीक्षणगृहाचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं, तेव्हा बाहेर मोटारसायकल थांबली.

आई आत आली ती हातापायांना लागलेल्या मातीसकट. तिला नमस्कार करायचं भान नव्हतं, आमच्यापैकी कुणी तिला दिसतही नव्हतं. सवयीने मी तोंड उघडलं, तर बाईंनी माझा हात दाबला. स्कूटरबद्दल आई एक अक्षर बोलली नाही.

"फाटकापर्यंत आलास," ती मुलाला म्हणाली, "नि हाक नाय मारलीस?"

"मारली असती तर तुझं काम गेलं असतं."

"जातं तर जाऊ दे काम," ती म्हणाली. "तू हाक मारायची."