मिटलेल्या मुठीतले चिलगोजे

मुलुंडच्या बाजारात सुक्या मेव्यावाल्याने भाजलेला चिलगोजा हातावर ठेवला. तो फोडताच आलेल्या राळेसारख्या वासाने मी लहानपणीच्या भांडुपच्या चाळीत पोहोचले.

शेजारी हिमाचलातल्या किन्नौरचं कुटुंब राहायचं. गावाकडे बर्फ पडला म्हणून त्यांची म्हातारी आई इथे आली होती. उकाड्यातही डोक्यावर हिरवी टोपी घालून ती दारात चिलगोजे सोलत बसायची.

"दादी, और दो ना!" नातीने हात पसरला. म्हातारीची मूठ मिटलेलीच. नातीने पाय आपटले, मग त्यांच्या पहाडी बोलीत काहीतरी पुटपुटली. मूठ लगेच उघडली.

मला म्हातारी कंजूष वाटली. सून माझ्या आईला म्हणाली, "हमारी बोली में माँगो, तभी देती हैं. बोलनेवाले ही कितने बचे हैं, ताई?"

 शाळेत आम्हाला हसतील म्हणून आई आमच्याशी मालवणी बोलायचीच नाही. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक घावन मागितलं, तर उलथनं रोखून म्हणाली, "मालवणीत माग."

"काय गं आई, भूक लागलीय!"

"मगे रव उपाशी!"

रागाने रडले होते मी. आज त्या म्हातारीचे उपकार कसे फेडू कळत नाही.

चिलगोजे घेऊन घरी आले. लेकीने हात पुढे केला. मी मूठ मिटली. तिने डोळे फिरवले.

"आये, माका दी गो!"

आतल्या खोलीतून माझी आई खुदकन हसली.