साहेबांचा नवा ड्रायव्हर

तळेगाव ढमढेऱ्याचे मच्छिंद्रराव रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. साहेबांच्या बोलण्यावर मान डोलवण्यात त्यांचा हात धरणारा सबंध खात्यात कोणी नव्हता. साहेबांना गोल्फचा नाद लागला, तसे कारखान्यामागच्या माळावर दर रविवारी तेही हजर राहू लागले.

एकदा साहेबांनी परदेशातून आणलेला नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब टोला मारायची काठी, त्यांच्या हाती दिली.

"हिनं चेंडू हवेत कमी गिरक्या घेतो, म्हणून लांब जातो म्हणे. तुमच्यासारख्या साध्या खेळाडूला कशी वाटते, खरं सांगा."

मच्छिंद्ररावांनी होतं नव्हतं तेवढं बळ लावून टोला हाणला. चेंडू जेमतेम कमरेएवढा उडाला आणि अलीकडच्या बाभळीपाशीच गपकन पडला. त्यांच्या स्वतःच्या जुन्या काठीनं तो निदान वर तरी चढायचा. पण साहेबांच्या हौसेला नावं कोण ठेवणार?

"लई झ्याक हाय, साहेब," ते म्हणाले.

"मग तुम्हीच ठेवा," साहेब सुटल्यासारखे म्हणाले. "माझा तर हिनं चेंडू वर उठतच नाही."

तेव्हापासून साहेब आपल्या जुन्या काठीनं दर रविवारी जिंकू लागले, आणि मच्छिंद्ररावांशिवाय त्यांना खेळ गोड लागेना.

"चेंडू उडत न्हाई, तर काठी बदला की," बायको राजश्री म्हणाली.

"कशी बदलू? ही साध्या माणसाला लई फायद्याची, मच्छिंद्ररावांना इचारा, असं साहेब समद्यांना सांगत्यात. परवा दोघांनी इचारलं बी."

"मग काय सांगितलंत?"

"घ्या म्हणलं."