कमरेच्या उंचीवरची खोकी

आमच्या कस्टम्सच्या गोदामात एक तपासनीस होता. त्याला सगळे कुळकाढ्या म्हणायचे. तोंडावर नव्हे हो! तोंडावर साहेब, पाठ वळली की कुळकाढ्या. परदेशातून आलेल्या मालाचं कूळ काढायचं, म्हणजे ही वस्तू मुळात कोणत्या देशाची ते ठरवायचं, हे त्याचं काम. तुम्ही म्हणाल, त्यात काय, खोक्यावर छापलेलंच असतं की. असतं ना. पण खोक्यावर काय, वाटेल ते छापता येतं.

साधा पंखा घ्या. मोटर एका देशाची, पाती दुसऱ्याची, जाळी तिसऱ्याची आणि चौथ्या देशात चार माणसं बसून स्क्रू पिळतात. मग पंखा कुणाचा? चौथा म्हणतो, आमचा. कायदा म्हणतो, नुसतं जोडलंत म्हणून वस्तू तुमची होत नाही; तिच्यातलं जे मुख्य, ते कुठे घडलं ते दाखवा. एकदा माल सोडवून नेणारा एक एजंट हुज्जत घालायला लागला, "साहेब, जोडणी तिकडे झाली, म्हणजे माल तिकडचाच ना?" कुळकाढ्या म्हणाला, "लग्न ज्या हॉलमध्ये लागलं, नवरी तिथेच जन्मली का हो?" सगळं गोदाम हसलं. तो नाही हसला. विनोदसुद्धा तो पावती फाडून हातात द्यावी तसा करायचा.

त्याची पद्धत अशी. टेबलावर एक जुनी पांढरी चादर अंथरायची, वस्तू पार शेवटच्या वॉशरपर्यंत सुटी करायची आणि एकेक भाग उचलून नाकाशी धरायचा. ओतकामाची शिवण कशी आहे, आटे कसे पाडलेत, नंबर ठोकलाय की घासलाय. आणि पुटपुटायचा, "तू कुठली गं? खरं सांग." कागद शेवटी बघायचा. लग्न केलं नव्हतं. मुलीकडच्यांचे दाखले पुरे नव्हते म्हणून मोडलं, अशी आवई आम्हीच उठवली होती. खरं कारण घरात होतं. थोरली बहीण ऐन तिशीत विधवा होऊन आली, पुढे तिची नजर गेली. दोन खोल्यांत ती आणि हा. दुसऱ्याच्या पैशाचा चहासुद्धा प्यायचा नाही. लाच तर सोडाच. एजंटाने दिलेलं पेन सही करून परत करायचा.

मग त्याची कंबर गेली. वरच्या थरातलं खोकं काढताना शिडीवरून पाठीवर पडला. तीन महिने आडवा होता. उठला तो शर्टाखाली पट्टा बांधूनच. खाली वाकता येईना, शिडी चढता येईना. आता नियम असा की नमुन्याची खोकी वरून, मधून, खालून आणि अगदी मागच्या रांगेतून काढायची. पण आमच्या हमालांचा त्याच्यावर जीव. मुकादम काय करायचा, तो पोहोचायच्या आतच कमरेच्या उंचीवरची दोन-तीन खोकी ओढून टेबलाजवळ ठेवायचा. "साहेब, ही घेतलीत." साहेबांना वाटायचं, ठिकठिकाणची असतील. विचारायचं त्याला सुचलं नाही, सांगायचं यांना सुचलं नाही. सहा वर्षं असं चाललं. यात कुणाचं काही वाईट नव्हतं, हे लक्षात ठेवा.

वाईट असेल तर ते माझ्या जिभेचं. आवक-जावकच्या टेबलावर बसून मला दुसरा धंदा काय होता? एकदा कँटीनमध्ये रंगात येऊन मी म्हणालो, "कुळकाढ्याला फसवायला अक्कल नको, फूटपट्टी पाहिजे! कमरेच्या वर त्याला दिसत नाही, कमरेच्या खाली तो बघत नाही." लोक खोकेपर्यंत हसले. सगळ्यांत मोठ्याने हसला तो एक एजंट, ज्याला आम्ही मधाचं बोट म्हणायचो. त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा त्यानेच पाजला. मीही प्यायलो.

चार महिन्यांनी गॅस गिझर आले. अकराशे चाळीस. आणणारा मधाच्या बोटाचं गिऱ्हाईक. एका देशात बनलेल्या गिझरांवर तेव्हा बंदी होती, कारण तिथला बर्नर नीट जळायचा नाही. वास नाही, धूर नाही, नुसता विषारी वायू. बंद न्हाणीघरात माणूस बसल्या जागी झोपायचा तो झोपायचाच. हे गिझर मात्र शेजारच्या, बंदी नसलेल्या देशातून आले होते. प्रश्न एवढाच की ते खरंच तिथे घडले, की बंदीवाल्या देशाचे बर्नर आणून तिथे नुसते पत्र्यात बसवले?

मुकादमाने तीन खोकी टेबलापाशी आणली. कुळकाढ्याने चादर अंथरली, तिन्ही गिझर सोडवले. बर्नर अस्सल शेजारच्या देशाचे. शिवण बघितली, आटे बघितले, शंका घ्यायला जागा नव्हती. त्याने लिहिलं, मूळ देश कागदांप्रमाणेच, माल सोडावा. सही केली आणि एजंटाचं पेन परत दिलं.

दोन महिन्यांनी एक नर्स रात्रपाळी करून घरी आली, आंघोळीला गेली आणि बाहेर आली नाही. पंधरा दिवसांनी दुसरं घर. बाप चार वर्षांच्या लेकीला न्हाऊ घालत होता. दार फोडलं तेव्हा दोघं तशीच होती, मुलीच्या डोक्याला साबण होता. दोन्हीकडे आमच्याच मालातले गिझर.

भिंतीवरून काढलेला एक गिझर ऑफिसात आला. कुळकाढ्याने तो चादरीवर सोडवला. बर्नर उचलून नाकाशी धरला. शिवण जाड होती, नंबर घासलेला होता, म्हणजे बंदीवाल्या देशाचा.

मोठ्या साहेबांनी त्याला आत बोलावलं. कागद तयारच होता. मीच टाइप केला होता.

"सही करा," साहेब म्हणाले. "माल इथून सुटल्यावर बदलला गेला, असं लिहिलंय. तुम्ही सुटलात, ऑफिस सुटलं. पोलीस बघतील, कोर्ट बघेल."

"आणि भिंतीवरचे गिझर, साहेब?"

"ते काय ते कोर्ट ठरवेल."

"तोवर कागदावर ते चांगलेच राहणार. माझ्या सहीने."

"अहो, आठ महिने राहिले ना तुमचे? पेन्शन घ्या, बहिणीचं बघा. कशाला अंगावर ओढून घेता?"

कुळकाढ्या उठला तो तडक मुकादमाकडे गेला. मी मागोमाग. का गेलो म्हणून काय विचारता, खोड!

"मुकादम, ती तीन खोकी कुठून काढलीत?"

मुकादम बिडी विझवत म्हणाला, "दाराजवळच्या रांगेतली, साहेब. मधल्या थरातली."

"तिन्ही?"

"नेहमी तिथलीच असतात."

"नेहमी म्हणजे?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून." मुकादमाला रडू आवरेना. "साहेब, आम्ही खोकी थोडीच निवडत होतो? तुमची कंबर बघत होतो."

म्हणजे चांगले गिझर फक्त त्या एका थरात भरले होते, वर-खाली-मागे सगळा बंदीवाला माल. पण हा थर त्यांना कळला कसा, एवढंच त्याने विचारलं. मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कँटीनमध्ये बोललो होतो मी. थट्टेत." तो माझ्याकडे बघत राहिला, एखादा भाग कुठे बसतो ते कळेना तसा. मग म्हणाला, "तुमचं नाव नाही घालणार. त्याचा उपयोग नाही." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी बहिणीशी काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आठ महिने गप्प बस की. मी काय फार मागतेय का?"

"ताई, आठ महिन्यांत ती अकराशे घरं किती वेळा आंघोळ करतील?"

"आणि आपलं घर?"

त्यावर हा उठून तिचं पाणी तापवायला गेला. स्टोव्हवर. त्यांच्याकडे गिझर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. माल बदललेला नाही. नमुने एकाच थरातून घेतले गेले, ते मी तपासून घेतलं नाही. माझी कंबर वाकत नाही, हे मी ऑफिसला कळवायला हवं होतं. मूळ देशाबद्दलचा माझा निर्णय चुकीचा आहे, तो रद्द व्हावा. झालं! निर्णय रद्द झाला की माल पहिल्या दिवसापासून बंदीतला ठरला आणि तो परत गोळा करणं आणणाऱ्याला भाग पडलं. कुळकाढ्याला घरी बसवलं. चौकशी लागली, पेन्शन अडकली. मधाचं बोट? त्याच्या कागदांवर मूळ देशापुढे आमच्याच तपासनिसाची सही होती. तो आजही दुसऱ्या बंदरात धंदा करतो, तब्येत उत्तम आहे.

सातशे गिझर परत आले. बाकीच्यांना गिझर परत करा अशी पेपरातली जाहिरात दिसली नाही, किंवा दिसली आणि आयता गरम पाण्याचा नळ कोण सोडतो! ज्या दुकानांनी माल विकला त्यांच्या वह्यांतून कुळकाढ्याने पत्ते उतरवून आणले आणि पट्टा आवळून दारोदार निघाला. मी बरोबर जायचो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

दारं कशी लागायची ते काय सांगू. "तुम्ही कंपनीचे?" नाही. "सरकारचे?" आता नाही. "मग ओळखपत्र?" ते जमा झालेलं. कुणी हसायचं, कुणी कुत्रं सोडायचं. एकाने तर विचारलं, "गिझर तुम्हालाच हवाय का काका?" महिन्याभरात एकशे दहा उतरवले.

एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं. कुळकाढ्याने नंबर सांगितला, कव्हरवरचं चिन्ह सांगितलं. बाई म्हणाल्या, "हो, तोच आहे. पण आत्ता नको, सासूबाई आंघोळीला गेल्यात. दुपारी या."

"खिडकी आहे का न्हाणीघराला?"

"आहे, पण थंडी वाजते म्हणून लावून घेतात. का हो?"

"आधी गॅस बंद करा. खालून, सिलिंडरचा."

"अहो, अंगाला साबण असेल त्यांच्या! ओरडतील मला."

"ओरडू देत. ओरडत राहिल्या पाहिजेत."

बाई घाबरून आत पळाल्या. तो न्हाणीघराच्या दारापाशी गेला, कडीवर हात ठेवला आणि कान लावून उभा राहिला. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"आजी," त्याने हाक मारली, "आजी, तुमचं माहेर कुठलं हो?"

पाणी पडतच होतं. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मी दारावर मुठी मारायला लागलो.