शिव्या पुसायचा प्रोग्राम

आमच्या हिंदी मुलखातल्या गावात, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका कापड दुकानाचा बिलं काढायचा प्रोग्राम मी लिहिलेला आहे. लिहिलेला म्हणजे काय, जोडाजोड. कोडच्या ओळींपुढे स्वतःसाठी टिपा लिहायची सोय असते, कमेंट म्हणतात त्यांना; कॉम्प्युटर त्या वाचत नाही. दिवसभर हिंदी बोलून जीभ आंबते, म्हणून कमेंट मी मराठीत लिहायचो. आणि खरं सांगतो, त्यात सेठजींना शिव्याच जास्त. ‘ही सूट सेठजींच्या चिकट मेहुण्यासाठी. काहून करून राहिलो मी हे?’ असलं काहीबाही.

मग एक दिवस सेठजींचा फोन. “भैया, सारा कोड बहू को दे दो, अब वही देखेगी.” सून इंजिनियर, त्यात नागपूरची मराठी मुलगी. त्या शिव्या तिने सासऱ्याला वाचून दाखवल्या की संपलं. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तेच हातचं जाणार होतं.

मग मी अक्कल चालवली. कमेंटची सुरुवात दोन तिरप्या रेघांनी होते; त्या दिसल्या की तिथून ओळीच्या शेवटापर्यंत छाटायचं, एवढाच प्रोग्राम. चहा उकळेस्तोवर लिहून झाला, चालवूनही टाकला. भारी खूश होतो स्वतःवर. पण बिलाखाली दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता छापतात आणि त्यातही दोन तिरप्या रेघा असतात, हे कोण लक्षात ठेवणार? पत्ता अर्धा उडाला, बिल बंद. जुनी प्रत शोधायला गेलो, तर या शहाण्याने त्याच फाइलवर सेव्ह केलेलं. पत्ता हाताने टाइप केला आणि कोड देऊन आलो.

थोड्या दिवसांनी सुनेने दुकानात बोलावलं. “काका, इथं हे सात काहून वजा केले? मले समजून नाही राहिलं.”

मी वाकून पाहिलं. शेजारची शिवी पुसल्यावर मला माझीच ओळ ओळखू येईना.

“दोन शब्द लिहून ठेवायचे न, काका. मराठीत असते तर किती बरं वाटलं असतं. लग्न झाल्यापासून मराठी वाचायलाच नाही भेटलं.”

फार वाईट वाटलं मला. म्हटलं, “लिहून देतो, बेटा.”

“मग आत्ताच लिहा.” तिने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि खुर्ची ओढून शेजारी वाचायला बसली. समोर गल्ल्यावर सेठजी. मी दोन तिरप्या रेघा टाकल्या आणि थांबलो. त्या माणसाबद्दल सुनेला वाचता येईल असं एकही मराठी वाक्य मला येत नव्हतं.